डीबी-१ आणि डीबी-२ : गिटलॅबच्या एका रात्रीचा घटनाक्रम

गिटलॅब डॉट कॉम हे प्रोग्रामर लोकांचं कोड ठेवायचं ठिकाण. कोड स्वतः वेगळ्या सर्व्हरांवर राहतो. त्याभोवतीचं बाकी सगळं, म्हणजे कोणाचं खातं, कोणता प्रकल्प, कोणत्या त्रुटीवर कोणी काय लिहिलं, हे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. २०१७ च्या सुरुवातीला हा डेटाबेस दोन लिनक्स सर्व्हरांवर होता. डीबी-१ हा मुख्य आणि डीबी-२ ही त्याची सतत अद्ययावत होत राहणारी प्रत. ३१ जानेवारीच्या रात्री एका इंजिनिअरने अ‍ॅडमिनचे अधिकार वापरून डेटाबेस पुसला, तो नेमका डीबी-१ वरचा. कंपनीने सगळा हिशेब नंतर स्वतःच जगापुढे मांडला, म्हणून ती रात्र आज जवळजवळ तासातासाने सांगता येते. अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नाही. इथेही त्याची गरज नाही.

खालच्या वेळा यूटीसीच्या आहेत. भारतातली वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

३१ जानेवारी, ०१:०० (साडेबावीस तास आधी)

रोज या वेळी एक काम आपोआप चालतं. मुख्य डेटाबेसच्या डिस्कचा स्नॅपशॉट निघतो आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या यंत्रणेवर, चढतो. बॅकअप घेणं हा याचा मुख्य उद्देश नाही. चाचणी करणाऱ्यांना ताजा डेटा मिळावा, एवढ्यासाठी ही सोय.

बॅकअपची व्यवस्था वेगळी आहे. पीजी-डंप नावाची आज्ञा दिवसातून एकदा चालते, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये उतरवते आणि ती फाइल अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत जाते. निदान तसं सगळ्यांना वाटतं आहे. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर चालतो आणि बॅकअपच्या वेळी मात्र ९.२ चा पीजी-डंप हाकेला ओ देतो. जुन्या आवृत्तीचा पीजी-डंप आपल्याहून नव्या सर्व्हरला हात लावत नाही, चूक दाखवून तिथेच थांबतो. हा घोळ कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. गिटलॅबच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसच्या दोन्ही आवृत्त्यांची साधनं होती. त्यातली कोणती वापरायची, हे डेटाबेसच्या डिरेक्टरीतली एक छोटी फाइल वाचून ठरायचं. बॅकअप चालत होता तो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर. तिथे डेटाबेस नाही, म्हणून ती डिरेक्टरी नाही, म्हणून ती फाइलही नाही. फाइल सापडली नाही की पॅकेज मुकाट्याने ९.२ धरायचं.

बॅकअप फसला तर ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन मेल पाठवतो, ही सोयही होती. मेल निघतही होते. पण डीमार्क या, मेल पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या पडताळणीची पूर्तता नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. बॅकअप होत नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारा निरोपही पोचत नव्हता.

माझ्या मते दुर्घटना इथेच घडून गेली होती. रात्री साडेअकराला जे झालं त्याने ती फक्त उघडी पडली. पुढचं सगळं वाचताना एस-थ्रीतली ती रिकामी जागा लक्षात ठेवायला हवी.

१७:२० (सहा तास आधी)

एक इंजिनिअर स्टेजिंगवर नवीन मांडणी करून बघणार आहे. डेटाबेसवर येणारा भार एकाहून जास्त सर्व्हरांवर वाटता यावा, यासाठी पीजीपूल नावाचं साधन त्याला आजमावायचं आहे. चाचणी खरी व्हायची तर स्टेजिंगवरचा डेटा ताजा हवा. पहाटे एकचा स्नॅपशॉट त्याला जुना वाटतो, म्हणून तो हाताने नवा स्नॅपशॉट घेतो आणि स्टेजिंगवर चढवतो.

कोणी सांगितलं म्हणून नव्हे, नियमात होतं म्हणूनही नव्हे. काम नीट व्हावं म्हणून त्याने हे केलं. पुढे सगळी कंपनी या एका स्नॅपशॉटवर तरली.

१९:०० (साडेचार तास आधी)

डेटाबेसवरचा भार एकदम चढतो. लोकांना टिप्पण्या लिहिता येत नाहीत. अशी तक्रार त्या आठवड्यात आधीही झाली होती, पण इतकी वाईट नाही. पहिला संशय स्पॅमवाल्यांवर जातो, आणि तो खोटाही नाही. स्निपेटचा, म्हणजे कोडच्या सुट्या तुकड्यांचा, पाऊस पाडणारी खाती सापडतात, ती काढली जातात. कोणीतरी आपली रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोडसाठा, फाइलवाटपाचं केंद्र म्हणून वापरत होता, आणि ४७,००० वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून त्या एकाच खात्यात प्रवेश होत होता. तेही खातं बंद होतं.

आणखी एक कारण पुढे कळलं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कोणीतरी गैरवापराची तक्रार केली होती आणि चुकून ते खातं काढून टाकायच्या रांगेत गेलं होतं. त्या माणसाचा सगळा डेटा पुसण्याचं जड काम डेटाबेसवर मागे चालू होतं, ऐन गर्दीत.

२२:०० (दीड तास आधी)

पेजर वाजतो. डीबी-२ मागे पडला आहे, तोही जवळजवळ ४ जीबीने, आणि आता त्याची नक्कल पूर्ण थांबली आहे.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदीत लिहितं, व्यापाऱ्याने रोजकीर्द लिहावी तशी. दुसरा सर्व्हर ती कीर्द वाचत आपली प्रत जुळवत राहतो. त्या रात्री बदल इतक्या वेगाने येत होते की डीबी-२ ला वाचायचे होते ते तुकडे डीबी-१ ने जागा करण्यासाठी काढूनही टाकले. ते दुसरीकडे जपून ठेवायची व्यवस्था गिटलॅबकडे नव्हती. मधला दुवाच गेल्यावर एकच मार्ग उरतो. डीबी-२ ची डेटा डिरेक्टरी पूर्ण रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप ही आज्ञा देऊन डीबी-१ वरून सगळा डेटाबेस नव्याने उचलायचा.

स्नॅपशॉट घेणारा तोच इंजिनिअर अजून जागा आहे. त्याच्या घड्याळात रात्रीचे अकरा होत आले आहेत. आता उशीर झाला, मी काम आवरतो, असं त्याने सांगून झालं आहे. पण नक्कल बंद पडलेली ठेवून उठवत नाही, म्हणून तो थांबतो.

२२:०० ते २३:०० (शेवटचा तास)

डीबी-२ ची डिरेक्टरी रिकामी केली जाते. या क्षणापासून डेटाबेसची जिवंत प्रत एकच उरली आहे, डीबी-१ वर. काम रीतीप्रमाणे चाललं आहे, कोणाचं काही चुकलेलं नाही. तरीही जोखीम आता खूप वाढली आहे.

पीजी-बेसबॅकअप सुरू होतो आणि गप्प बसतो. जास्त बोलावं म्हणून पर्याय लावला आहे, तरी एक ओळ नाही. दोन-चार प्रयत्नांनंतर एक तक्रार येते की मुख्य सर्व्हरवर नक्कल पाठवायच्या जोडण्या कमी पडताहेत. मर्यादा ३ ची होती, ती ३२ केली जाते. त्यासाठी डीबी-१ वरचं पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावं लागतं, आणि ते सुरूच होत नाही. सेमाफोर फार झाले, असं म्हणतं. शोध घेतल्यावर दिसतं की एकूण जोडण्यांची मर्यादा ८००० ठेवलेली आहे. हा आकडा भलताच मोठा, पण तो जवळजवळ वर्षभर तसाच चालला होता, म्हणून कोणाला खटकला नाही. तो २००० वर आणल्यावर पोस्टग्रेस उठतं.

पीजी-बेसबॅकअप पुन्हा दिला जातो. पुन्हा गप्प.

मग एसट्रेस लावून ती प्रक्रिया कर्नलकडे काय मागते आहे ते पाहिलं जातं. ती पोल या कॉलमध्ये अडकली आहे, म्हणजे कशाची तरी वाट पाहते आहे. कशाची, ते कळत नाही.

वाट पाहणं हेच तिचं काम होतं. मुख्य सर्व्हर डेटा धाडायला लागेपर्यंत पीजी-बेसबॅकअप अवाक्षर न काढता थांबून राहतो. हे ठाऊक असलेला सहकारी त्या वेळी हजर नव्हता. गिटलॅबच्या मार्गदर्शक टिपणात ते लिहिलेलं नव्हतं, आणि आज्ञेच्या अधिकृत माहितीतही स्पष्ट नव्हतं. थोडी कळ काढली असती तर नक्कल आपोआप सुरू झाली असती. पण ज्याने तासभर एकामागून एक अडथळे काढले आहेत, त्याला न बोलणारा पडदा हा आणखी एक अडथळाच वाटणार. मी त्याला इथे दोष देऊ शकत नाही.

२३:०० नंतर

त्याच्याकडे मध्यरात्र उलटली आहे. त्याच्या मनात येतं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनी डीबी-२ च्या डिरेक्टरीत काही फाइली टाकल्या असतील आणि डिरेक्टरी पूर्ण रिकामी नाही म्हणून पीजी-बेसबॅकअप अडून बसला असेल. एरवी अशा वेळी तो स्पष्ट चूक दाखवतो. पण एरवीसारखं आज काहीच वागत नाहीये. ती डिरेक्टरी पुन्हा एकदा मुळापासून काढलेली बरी.

टर्मिनलच्या दोन खिडक्या उघड्या आहेत. दोन्ही काळ्या, दोन्हींत तीच अक्षरं. सर्व्हरच्या नावांत फरक एका आकड्याचा. डेटाबेसच्या डिरेक्टरीचा पत्ता दोन्हीकडे अक्षरशः एकच, कारण दोन्ही सर्व्हर मुद्दाम सारखे ठेवलेले. गेल्या तासात त्याला दोन्हींवर आळीपाळीने काम करावं लागलं आहे. जोडण्यांची मर्यादा डीबी-१ वर बदलायची होती, नक्कल डीबी-२ वर चालवायची होती.

तो सुडो लावून आरएम ही फाइली काढायची आज्ञा देतो, डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट आणि न विचारता काढण्याच्या पर्यायांसह.

सुडो १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात तयार झालं. मूळ कल्पना साधी होती. प्रत्येकाला रूटचा पासवर्ड देण्याऐवजी ज्याला जेवढा अधिकार हवा तेवढाच, त्याच्या स्वतःच्या पासवर्डावर द्यायचा. पहिल्यांदा सुडो वापरणाऱ्याला ते आजही तीन गोष्टी बजावतं. दुसऱ्यांच्या खाजगीपणाचा मान राख, टाइप करण्याआधी विचार कर, अधिकार मोठा म्हणून जबाबदारीही मोठी. सल्ला उत्तम आहे. पण सुडोची सगळी तपासणी एका प्रश्नावर संपते, हा माणूस कोण आहे आणि त्याला परवानगी आहे का. त्या रात्री या प्रश्नाचं उत्तर दोन्ही सर्व्हरांवर होय होतं. तो इंजिनिअर तोच होता, परवानगी खरी होती, आज्ञा बरोबर लिहिलेली होती, हेतू चांगला होता. चुकलं होतं फक्त ठिकाण, आणि ठिकाण तपासायचं काम कोणाकडेच सोपवलेलं नव्हतं.

२३:२७

एक-दोन सेकंदांत त्याला दिसतं की समोर डीबी-१ आहे. तो आज्ञा तोडतो.

भारतात त्या वेळी १ फेब्रुवारीची पहाट होती, पाच वाजायला तीन मिनिटं कमी. सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबी उरला होता.

एवढा डेटा दोन सेकंदांत कसा जातो, असा प्रश्न पडतो. लिनक्सवर फाइल काढणं म्हणजे तिच्यातलं अक्षरन् अक्षर खोडणं नव्हे. डिरेक्टरीतून तिच्या नावाचा दुवा तुटतो आणि तिने व्यापलेली जागा मोकळी ठरवली जाते. पोस्टग्रेस मोठे तक्ते एकेक जीबीच्या तुकड्यांत ठेवतं, म्हणजे मोठा मजकूर थोड्याच फाइलींत असतो. असे दुवे तोडायला मशीनला क्षणही पुरतो. टर्मिनलवर कचरापेटी नसते आणि मागे घेण्याचं बटणही नसतं.

मध्यरात्र उलटल्यावर

आता बॅकअप शोधायचे.

डीबी-२ वर बघायचं तर ती डिरेक्टरी तासाभरापूर्वी आपणच रिकामी केलेली. एस-थ्रीत पीजी-डंपच्या फाइली असायला हव्यात, पण तिथे काहीच नाही. बॅकअप कधीपासून होत नाहीये आणि त्याचे मेल कुठे गेले, हे पहिल्यांदा तेव्हा उलगडतं. हे सर्व्हर ज्या क्लाउडवर होते, त्या अ‍ॅझूरवर डिस्कचे स्नॅपशॉट घेता येतात. ते फाइल सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी नव्हते, कारण डेटाबेसला बाकीचे बॅकअप पुरेसे आहेत असा समज होता. पहाटे एकचा स्नॅपशॉट आहे, पण तो वापरला तर जवळजवळ पूर्ण दिवस हातचा जातो.

बॅकअप आणि नकलीचे मिळून पाच मार्ग कंपनीकडे होते. त्यातला एकही भरवशाने चालत नव्हता किंवा मुळात बसवलेलाच नव्हता. हे वाक्य त्या लोकांनी स्वतःच आपल्या उघड्या टिपणात लिहिलं, घाव ओला असताना. मला त्या रात्रीतली सगळ्यात धीराची गोष्ट हीच वाटते.

शेवटी स्टेजिंग आठवतं. १७:२० ला कोणीतरी हाताने स्नॅपशॉट चढवला होता. ज्याच्या हातून डेटा गेला, त्याच्याच हातून तो वाचलाही होता, सहा तासांचा अपवाद सोडून.

आज आपण सुडो लावून आणखी काही चालवू नये हे बरं, असं तो इंजिनिअर सांगतो आणि पुढचं काम सहकाऱ्याकडे देतो. टिपणात याचीही नोंद आहे. स्वतःचा अधिकार स्वतःहून खाली ठेवणं, तेही सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना, सोपं नाही. त्या रात्री अ‍ॅडमिनच्या अधिकाराचा सगळ्यात योग्य वापर मला तोच वाटतो.

१ फेब्रुवारी, ००:३६ पासून

आधी स्टेजिंगवरच्या डेटाची एक प्रत बाजूला काढली जाते, कारण आता तीही गमावणं परवडणारं नाही. डीबी-१ वर जे अवशेष उरले तेही गुंडाळून ठेवले जातात. दोनच्या सुमारास स्टेजिंगवरून डीबी-१ कडे डेटा जायला लागतो.

गती अंगावर येते. स्टेजिंग म्हणजे चाचणीची यंत्रणा, म्हणून ती स्वस्त, जुन्या पद्धतीच्या डिस्कांवर ठेवलेली. त्यांचा वेग ६० एमबीपीएसला बांधलेला. जी व्यवस्था कधी बॅकअप म्हणून वापरायची नव्हती, तिच्यावर सगळी कंपनी टांगली गेली होती, आणि त्या दोऱ्याची जाडी आधीच ठरलेली होती. पहाटे चारला निम्म्याहून थोड्या जास्त फाइली पोचल्या होत्या.

त्यात आणखी एक अडचण. स्टेजिंगवर डेटा चढवताना वेबहुक, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरांना आपोआप संदेश पाठवणाऱ्या जोडण्या, काढून टाकले जात, चाचणीच्या यंत्रणेतून बाहेरच्या लोकांच्या सर्व्हरांना चुकून संदेश जाऊ नयेत म्हणून. सावधगिरी योग्यच, पण आता ते वेबहुक हवे होते. सकाळी सातच्या सुमारास ही छाटणी होण्याआधीची एक प्रत स्टेजिंगवरच सापडली.

या काळात गिटलॅबने दार बंद करून घेतलं नाही. टिपण गूगल डॉकवर सगळ्यांना वाचायला खुलं होतं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दिसत होतं. एका वेळी सुमारे ५००० लोक ते बघत होते. सर्व्हर सांभाळणारी माणसं जगभरातून धीर देत होती. अशी एखादी रात्र त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला आलेली असणार.

भारतात बुधवार होता. ज्यांचं काम गिटलॅब डॉट कॉमवर होतं त्यांना सकाळी कामाला बसल्यापासून रात्री उठेपर्यंत साइट बंदच दिसली. गिटलॅबचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या कंपन्यांना मात्र याची झळ नव्हती.

१७:०० ते १८:१४

डेटा पोचतो. साइट उघडण्याआधी डेटाबेसमधले सगळे अनुक्रमांक १,००,००० ने पुढे ढकलले जातात. हरवलेल्या सहा तासांत जे क्रमांक दिले गेले होते ते पुन्हा कोणा दुसऱ्याला मिळाले असते, तर एकाची जुनी लिंक भलत्याच माणसाच्या मजकुरावर उघडली असती. इतक्या थकलेल्या माणसांना हे सुचलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

१८:१४ ला, भारतात रात्री पावणेबाराला, साइट सुरू होते.

रेपॉझिटरी आणि विकी वाचले, कारण ते मुळात दुसरीकडे होते. १७:२० नंतरचं डेटाबेसमधलं बाकी सगळं गेलं. सुमारे ५००० प्रकल्प, ५००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गिटलॅबवर आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आपलं खातं सापडलं नाही.

त्यानंतर

१० फेब्रुवारीला कंपनीने सविस्तर अहवाल काढला. त्यात कारणांची साखळी प्रत्येक टप्प्यावर पुन्हा ‘का?’ विचारत खाली नेली आहे. डेटा का गेला, तर आज्ञा भलत्या सर्व्हरवर चालली. परत का मिळाला नाही, तर बॅकअप नव्हता. बॅकअप नाही हे का कळलं नाही, तर मेल नाकारले जात होते. मग बॅकअपमधून डेटा परत मिळतो का, हे कोणी कधी तपासून का पाहिलं नाही? तर ते काम कोणाचंच नव्हतं. इंजिनिअरच्या डुलकीवर किंवा बेफिकिरीवर साखळी थांबवणं सोपं होतं. ती तिथे थांबवली नाही, म्हणून हा अहवाल वाचण्याजोगा आहे.

सुधारणांची यादीही त्यातच आहे. टर्मिनलची ओळ रंगीत करायची, खऱ्या सर्व्हरवर लाल आणि स्टेजिंगवर पिवळी. लिनक्सवर हे एका ओळीच्या सेटिंगचं काम. डीबी-१ आणि डीबी-२ दोन्ही खरेच सर्व्हर असल्यामुळे त्या रात्री नुसत्या रंगाने वाचवलं असतं असं नाही, म्हणून सर्व्हरचं पूर्ण नावही ठळक दिसायला हवं. डिस्कचे स्नॅपशॉट दिवसाऐवजी तासाला घ्यायचे. बॅकअपवर देखरेख ठेवायची. बॅकअप वेळोवेळी उतरवून, त्यातून डेटाबेस उभा करून पाहायचा. आणि डेटा टिकवण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे द्यायची.